समाजसेवक : दाता की सोबती ?

समाजसेवा म्हटली की वह्यांचे वाटप, अन्नदान, औषधोपचार ही कामे डोळ्यांपुढे येतात. ती चांगलीच आहेत. परंतु तेवढ्याने भागते काय, हा प्रश्न या महोत्सवप्रसंगी आम्हांस सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावासा वाटतो.

निपाणीचेच उदाहरण घ्या. तंबाखूच्या वखारींत खकाणा छातीत घेत बायका राबत, मजुरी तुटपुंजी. विड्या वळणाऱ्यांसाठी १९६६ साली कामाच्या अटींचा व १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. पण कायदा आपल्या पायांनी कोणाच्या घरी येत नाही. १९८० च्या सुमारास वखारींतील बायका संघटित झाल्या, तेव्हा कोठे त्यांचे गाऱ्हाणे ऐकले जाऊ लागले. 'युगांतर' या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. हे बळ दानाने आलेले नव्हते.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून कित्येकांच्या घरात बोली मराठी आणि हाती येणारा सरकारी कागद कानडी. अशा वेळी समाजसेवकाने अर्ज नुसता भरून देऊ नये. शेजारी बसून त्यात काय लिहिले ते समजावून सांगावे. म्हणजे तीच बाई उद्या शेजारणीला वाट दाखवील.

आपण दरसाल किती वाटले याचा हिशेब ठेवतो. किती घरांना आता आपली गरज उरली नाही, हाही हिशेब यापुढे ठेवू या.