पडद्यावरचे चपलांचे दुकान

चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक पाऊल टाकते त्या क्षणीच दुकानदाराचे काम सुरू होते. तो चेहऱ्याच्या आधी पायाकडे पाहतो, ‘बसा’ म्हणतो, कोणत्या नंबरचा जोड काढायचा हे मनाशी ठरवतो. आणि जोड पायात गेल्यावर अंगठ्यापाशी चाचपून, ‘हा आखूड होतोय, थांबा,’ असेही सांगतो. आज हेच दुकान मोबाईलच्या पडद्यावर मांडले जाते. तेथे बसायला बाक नाही, चामड्याचा वास नाही आणि पायाकडे पाहणारा माणूसही नाही. मग त्याचे काम कोणी करायचे? आमचे उत्तर असे, की ते पडद्यावरच्या मांडणीने केले पाहिजे. या मांडणीचेही एक शास्त्र आहे. त्याची मोजकी तत्त्वे आज आपण पाहू या.

उदाहरण आपल्या ओळखीचेच घेऊ. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. समजा, यांपैकी एखाद्या गावच्या कारागिरांना आपल्या मालाची जाहिरात करणारे संकेतस्थळ काढावयाचे आहे. त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट निवडीची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली प्रयोगांनी दाखवले, की पर्याय वाढतात तसा निर्णयाला लागणारा वेळही वाढतो. दारातच शंभर जोड मांडले तर गिऱ्हाईक गोंधळते. म्हणून पहिल्या पानावर वस्तू कोणती, कोणी केली आणि पुढे कोठे जायचे, एवढेच असावे. ‘पुरुषांसाठी’, ‘स्त्रियांसाठी’, ‘मुलांसाठी’ असे मोजके दरवाजे पुरेत. कापशी, पुकरी हे प्रकार त्यांच्या आत सुखाने नांदतील.

दुसरी गोष्ट हाताची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली नियम मांडला, की लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे हात पोचायला वेळ अधिक. त्या वेळी मोबाईल नव्हता. पण नियम आज आपल्या अंगठ्याला तंतोतंत लागू पडतो. ‘मागणी नोंदवा’ ही कळ ठळक आणि अंगठ्याच्या टप्प्यात हवी. ‘रद्द करा’ तिला चिकटून नको. तीच गोष्ट डोळ्यांची. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे दिसायला नाजूक खरी, पण साठीच्या माणसाला ती वाचवत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि चपलांच्या बाबतीत हीच सर्वांत नाजूक. याकोब नील्सेन यांनी रोल्फ मोलिख यांच्याबरोबर १९९० साली पडदा पारखण्याच्या कसोट्या मांडल्या. १९९४ साली त्या सुधारून दहा केल्या. त्यांतली एक अशी, की यंत्राने वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावे. आता ‘सात नंबर’ ही भाषा कोणाची? इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपातल्या मापात सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. पुरुषांच्या जोडात इंग्लिश सात म्हणजे साधारणतः अमेरिकन आठ आणि युरोपीय एक्केचाळीस!

आमच्या घरी याचा अनुभव आला. वडिलांसाठी एका संकेतस्थळावरून सात नंबरचा जोड मागवला. माप अमेरिकन होते, पण तसे कोठेच लिहिले नव्हते. जोड आखूड निघाला. परत पाठवण्याची सोय शोधता शोधता आमची संध्याकाळ गेली आणि ती सापडली नाही. वडील मात्र टाच बाहेर ठेवून तोच जोड आठ दिवस वापरत राहिले. तक्रारीचा शब्द काढला नाही. चूक त्यांच्या पायाची नव्हती, मांडणीची होती.

यावर उपाय सोपा आहे. ‘कागदावर उभे राहा, टाच व सर्वांत लांब बोट यांपुढे खूण करा, अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा,’ असे चित्रासह सांगावे आणि त्यापुढे नंबर द्यावा. मागणी पोचताच ‘पोचली’ असे कळवावे. चुकलेले दुरुस्त करण्याची वाट मागणीच्या कळेइतकीच स्पष्ट ठेवावी. याही नील्सेन यांच्याच कसोट्या.

शेवटची गोष्ट सचोटीची. जाहिरात म्हटली की मोह आलाच. ‘फक्त दोन जोड शिल्लक’ असे खोटेच लिहायचे, न मागितलेली वस्तू हिशेबात सरकवायची, किमतीचा काही भाग शेवटच्या पायरीपर्यंत झाकून ठेवायचा. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. कायदा नसता तरी कारागिराने हे करू नये. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले त्याचे कातडे पाण्याला भिते, नवी वहाण काही दिवस चावते. हे त्याने पानावर उघड लिहावे, तेल कसे लावायचे तेही सांगावे. दोष आधी सांगणाऱ्याच्या गुणांवर लोक विश्वास ठेवतात.

सारांश, ही सारी तत्त्वे नवी दिसली तरी जुन्या दुकानदाराची रीतच त्यांत आहे: बसायला सांगणे, पायाकडे पाहणे, आखूड असेल तर आखूड म्हणणे. ज्यांना असे पान तयार करावयाचे आहे त्यांनी ते आधी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्यावे आणि शेजारी मुकाट्याने बसावे. त्याचे बोट जेथे अडखळेल, तेथे दुरुस्ती मांडणीत करावी. त्या माणसाला दोष देऊ नये.