हरकत कुणी घ्यायची?

घोलवड स्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी शेजारी येऊन बसले. माझे जुने रुग्ण. रक्तदाबाची गोळी न चुकता घेतात आणि विडीही न चुकता ओढतात. त्यांनी खिशातून विडी काढून पेटवली. समोरच धूम्रपान करू नये अशी पाटी होती. मी पाटीकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे.

"डॉक्टरसाहेब, फुप्फुस माझं, पैसे माझे. यात सरकारचा काय संबंध?"

तेवढ्यात गाडी आली आणि वाद अर्धवट राहिला. पण हा प्रश्न मला ओपीडीतही वरचेवर ऐकायला मिळतो आणि तो विचारणारी माणसं अडाणी नसतात. प्रौढ माणसाने काय खावं, काय प्यावं हे सरकार ठरवू लागलं, तर ते कुठे थांबणार? आज विडी, उद्या भजी! ही शंका रास्त आहे. शिवाय मीही सोवळा नाही. निवासी डॉक्टर असताना रात्रपाळीत मी सिगारेट ओढत असे. ड्युटीरूमच्या टेबलावर ॲश-ट्रे असायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यामुळे गुरुजींना उपदेश करण्यापेक्षा त्यांचा प्रश्नच नीट तपासून पाहू.

व्यक्तिस्वातंत्र्याचा मराठीत सर्वांत निर्भीडपणे पुरस्कार केला तो गोपाळ गणेश आगरकरांनी. त्यांच्या विचारांवर जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा मोठा प्रभाव होता. १८५९ मध्ये मिलने स्वातंत्र्याची मर्यादा सांगितली ती अशी, की दुसऱ्याला इजा होऊ लागली तरच समाजाने मध्ये पडावं. आगरकर स्वतः दम्याने बेजार होते आणि १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. म्हणजे स्वातंत्र्याची किंमत त्यांना ठाऊक होती आणि श्वासाचीही. आपल्यापुढचा प्रश्न तेवढाच आहे. गुरुजींच्या विडीने दुसऱ्याला इजा होते का?

होते. विडी ओढणारा जो धूर सोडतो त्यापेक्षा जास्त धूर जळत्या टोकातून थेट हवेत जातो. तिथे तंबाखू कमी तापमानाला, अर्धवट जळते, त्यामुळे त्या धुरात काही विषारी द्रव्यं अधिक असतात. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं सापडली आहेत आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरणारी आहेत. स्वतः न ओढता हा धूर श्वासावाटे घेणं म्हणजे 'पॅसिव्ह स्मोकिंग'. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितकं बायकोच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त, असं त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. नंतरच्या अभ्यासांतून असं दिसलं, की अशा धुरात राहणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद आणि श्वासाची गती जास्त, म्हणून दमा आणि न्यूमोनियाचा त्रास त्यांना आधी होतो.

धूर मालकाच्या कुंपणात राहत नाही, हे डहाणू तालुक्याला वेगळं सांगायला नको. १९९१ मध्ये केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. औष्णिक वीज प्रकल्पाच्या धुराने चिकूच्या बागांचं काय होईल, या काळजीने इथले लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९६ च्या निकालानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं आणि पुढे धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा प्रकल्पाला बसवावी लागली. चिमणी कंपनीची होती, जागाही कंपनीची होती, पण हवा सगळ्यांची होती. चिकूच्या झाडासाठी आपण जे मागितलं, तेच शेजारी बसलेल्या माणसाच्या फुप्फुसासाठी मागणं जास्तीचं नाही.

यावर गुरुजींचं उत्तर तयार असतं. "कुणाला त्रास होत असेल तर सांगावं. मी लगेच विझवीन." ते खरंच विझवतील, माणूस भला आहे. आपला जुना कायदाही याच धर्तीवर होता. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६७ प्रमाणे डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली, तर धूम्रपान करता येत नाही आणि दंड १०० रुपयांपर्यंत. एखाद्या गाडीत सरसकट बंदी घालण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला होता, पण मूळ नियम हरकतीचा.

ऐकायला किती सभ्य व्यवस्था! पण हरकत घेणार कोण? भाजीची टोपली घेऊन दाराशी बसलेली बाई चार पुरुषांच्या घोळक्याला सांगणार? वीटभट्टीवरचा मजूर मुकादमाला सांगणार? शिपाई साहेबाला, की सून सासऱ्याला?

पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी ओपीडीत आल्या होत्या. आयुष्यात विडी तोंडाला लावलेली नाही, पण चार पावलं चालल्या की धाप. फुंकर मारून श्वास मोजायची चाचणी केली, तर श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या. आम्ही याला सीओपीडी म्हणतो. जन्मभर चुलीपुढे बसल्या होत्या, त्या धुराचा वाटा यात मोठा, हे कबूल केलं पाहिजे. पण घरात नवरा आणि दीर दोघेही विडी ओढणारे, तेही त्याच एका खोलीत. मी विचारलं, "मावशी, बाहेर जाऊन ओढा असं कधी म्हणालात का?" त्या हसल्या. "असं कसं म्हणणार, साहेब?"

सार्वजनिक जागेतल्या बंदीचं खरं काम मला इथे दिसतं. हरकत घेण्याचा भार ती दुबळ्याच्या खांद्यावरून उतरवते. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, वाचनालयं आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला मनाई केली. आधार घेतला तो घटनेच्या २१ व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. त्यात कामाच्या जागा, हॉटेलं, रेल्वे स्थानकं, बसथांबे सगळं आलं. दंड २०० रुपयांपर्यंत. कुणी तक्रार करण्याची अट उरली नाही.

या कायद्याने विडी ओढणं बंद केलेलं नाही, हेही लक्षात घ्या. गुरुजी स्थानकाबाहेर मोकळ्या रस्त्यावर गेले असते, तर त्यांना कुणी अडवलं नसतं. बंदी जागेवर आहे, माणसावर नाही. म्हणूनच ती राबवतानाही माणसाचा पाणउतारा होता कामा नये. फलाटावरच्या मजुराची पावती फाडायची आणि साहेबाच्या बंद केबिनमधल्या सिगारेटकडे काणाडोळा करायचा, असं झालं तर लोक कायद्याला हसतील.

अशा बंदीचा उपयोग होतो का? स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला मनाई झाली. त्यानंतर तिथल्या नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटली. दम्याने दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण आधी दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होतं, ते वर्षाला सुमारे १८ टक्क्यांनी कमी होऊ लागलं. यात इतर कारणांचाही थोडा वाटा असेल. पण बाहेर बंदी आली की लोक घरात जास्त ओढतील, ही भीती मात्र तिथे खरी ठरली नाही.

आता ओढणाऱ्याच्या स्वातंत्र्याविषयी. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं आणि साधारण दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग मेंदू पुन्हा मागणी करतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक सोडण्याच्या विचारात होते. जे सोडावंसं वाटतं आणि सुटत नाही, त्याला स्वातंत्र्य म्हणताना माझी जीभ अडखळते. मला स्वतःला तिसऱ्या प्रयत्नात सुटली.

त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मला जास्त बोचतो. देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराचा सामना करावा लागत होता. घराच्या उंबरठ्याआत हा कायदा येत नाही आणि येऊही नये. पण हरकत घेणं सर्वांत अवघड असतं ते तिथेच. म्हणून तिथला नियम ओढणाऱ्यानेच करायचा. घरात आणि मुलं बसलेल्या गाडीत विडी-सिगारेट पेटवायची नाही. खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने धूर पुरता जात नाही, म्हणून अंगणात जायचं. आणि सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, जवळच्या सरकारी दवाखान्यातही मदत मिळते. सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, मग वय साठ असो की सत्तर.

गुरुजी, पुढच्या खेपेला गाडी उशिरा आली तर हे सगळं तुम्हाला सांगणारच आहे. तोवर एवढंच करा. घरी कुणी काही बोलत नाही, म्हणजे कुणाची हरकत नाही, असं समजू नका.