अंगणात आलेली मॉन्टेसरी

१९४५ साली ताराबाई मोडक मुंबईतल्या दादरचं शिशुविहार हे बालमंदिर सोडून बोर्डी या आदिवासी भागातल्या गावी गेल्या, तेव्हा त्यांचं वय ५३ होतं. मराठी बालशिक्षणातली ही सर्वांत धाडसी घटना, असं मी मानते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात राहून मागे पाहिलं तर तिची किंमत जास्तच कळते.

त्याआधीची वाट थोडक्यात सांगते. १९०७ साली मारिया मॉन्टेसरींनी रोमच्या सॅन लॉरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई तिथे जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार आलं. पण कामगारांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे सुशिक्षित, सुस्थित घरांत अडकून पडली होती. साधनं महाग आणि बालमंदिरं शहरांत. ही पद्धत गरिबांच्या मुलांपर्यंत पोचावी, अशी आशा गांधीजींनी १९३१ साली लंडनला मॉन्टेसरींच्या समोरच बोलून दाखवली होती.

बोर्डीला ताराबाईंच्या सोबत अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेली ही बाई. १९४५ साली आली ती १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्याच कामात राहिली. दोघींनी बालवाडी उघडली, पण तिथल्या वारली आदिवासींची मुलं काही येईनात. कोणाच्या कडेवर धाकटं भावंड, कोणाच्या मागे गुरं. त्यावर मुलांना किंवा आईबापांना दोष देण्याऐवजी या बायकांनी शाळाच हलवली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तिथे आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. भावंडांसाठी पाळणाघर निघालं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली: गुरं चरत असतील तिथेच शिक्षक जायचा.

अंगणात साधनं कुठली आणायची? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मॉन्टेसरींच्या गुलाबी मनोऱ्यात १० ठोकळे असतात, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. रंग एक, आकार एक, फरक फक्त लहानमोठेपणाचा. दट्ट्यांच्या पेटीत दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो, आणि चूक मुलाला आपोआप दिसते, ताईंनी सांगावी लागत नाही. पद्धतीचा प्राण इथे आहे, लाकडात किंवा रंगात नाही. बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे ही साधनं झाली ती याच समजुतीने. आमच्याकडे करवंट्या लहानमोठ्या निवडून एकात एक बसवायला दिल्या तरी तेच काम होईल. नुसती करवंटी हातात देऊन मात्र भागत नाही. क्रम लावणारी, मग बाजूला बसून पाहणारी, मध्ये न बोलणारी ताई लागते.

रत्नागिरीतलं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. मध्ये घाटी, वहाळ, आणि चार महिने कोसळणारा पाऊस. तीन वर्षांचं मूल गावच्या शाळेपर्यंत चालत जाणार कसं? ताराबाईंनी पाड्यांसाठी दिलेलं उत्तर आमच्या वाड्यांनाही तंतोतंत लागू पडतं. सारवलेलं खळं आणि वर मांडव असला की थंडी-उन्हाळ्यात वर्ग तयार.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. पूरक आहार, लसीकरण, वजन-उंची यांमुळे जे घडलं त्याचं मोल मी कमी मानत नाही. उपाशी मूल मनोरा काय रचणार? तरीही मला मनापासून वाटतं की अंगण घेताना आपण त्यातलं शिक्षण मागे ठेवलं. सेविकेला मानधन तुटपुंजं, आहार, सर्वेक्षण आणि नोंदी तिच्याच गळ्यात. मुलाजवळ शांतपणे बसायला तिला वेळ मिळतो कुठे? आणि ज्या पालकांना परवडतं ते तीन वर्षांच्या पोराला रिक्षात बसवून शहरात धाडतात, तिथे मॉन्टेसरी नावाखाली पुष्कळदा पाटी-पुस्तकं आणि इंग्रजी अक्षरं घोटणंच चालतं.

सहा वर्षांपुढचा भाग तर आपण जवळजवळ विसरलोच. मॉन्टेसरी १९३९ साली अड्यारला आल्या, युद्धामुळे भारतातच अडकल्या, आणि कोडाईकनालच्या मुक्कामात त्यांनी मोठ्या मुलांच्या शिक्षणावर बरंच काम केलं. सृष्टीची गोष्ट सांगायची, मग तिच्यातून झाड, पाणी, गणित, माणूस असं सगळं उलगडत न्यायचं. इकडे ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हटलं. मूल सहाचं झालं म्हणून त्याची शिकण्याची रीत एका जूनमध्ये बदलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोच विचार पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दिसतो: त्याने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला.

मराठी शाळेच्या आवारातच अंगणवाडी असेल तिथे विकासवाडीचा अर्धा सांगाडा तयारच आहे. पहिली-दुसरीच्या गुरुजींनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून मुलांविषयी बोलावं, सहा-सात वर्षांच्या मुलांना धाकट्यांसोबत साधनं हाताळू द्यावीत आणि त्या तासापुरत्या ताईंच्या नोंदवह्या बंद राहाव्यात. हे यंदाच्या जूनपासूनही करता येईल.