कृत्रिम सांध्यातील पॉलिथिलीनचे विसर्पण व झीज : बीड जिल्ह्यातील श्रमिकांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. वाकून ऊस तोडणे, मोळी डोक्यावर वाहणे व ती वाहनात चढविणे यांमुळे खुबा व गुडघा यांवर मोठा भार येतो. अशा श्रमिकाच्या खुब्यात कृत्रिम सांधा बसविल्यास तो किती काळ टिकेल, हा प्रश्न त्याच्या उपजीविकेशी निगडित आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सांध्यातील पॉलिथिलीनच्या वाटीवर अवलंबून असते.

विसर्पण आणि झीज :
इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी प्रारंभी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती लवकर झिजल्याने १९६२ पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन स्वीकारले. या वाटीत धातूचा गोळा कालांतराने खोल रुततो. त्याची कारणे दोन आहेत. सततच्या भाराखाली पदार्थ हळूहळू दबतो, यास विसर्पण म्हणतात. त्यात पदार्थ नष्ट होत नाही व पहिल्या एक-दोन वर्षांनंतर त्याचा वेग मंदावतो. झीज मात्र चालूच राहते. तिच्यातून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांना शरीरातील भक्षक पेशी प्रतिसाद देतात, सभोवतालचे हाड विरघळू लागते व सांधा सैल होतो.

गणिती प्रतिमान :
आर्चर्ड यांच्या १९५३ च्या नियमानुसार झिजलेले आकारमान हे भार आणि घर्षणाचे अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. उदाहरणादाखल २८ मिमी व्यासाचा गोळा, सरासरी भार १२०० न्यूटन, प्रत्येक पावलाच्या आवर्तनात २० मिमी घर्षण व वर्षाला १० लाख आवर्तने मानू. एकूण अंतर २०,००० मीटर होते. झीज गुणांक दर न्यूटन-मीटरला ०.०००००२ घन मिमी धरल्यास वार्षिक झीज ४८ घन मिमी येते. गोळ्याच्या ६१६ चौ. मिमी छेदाने भागता ती सुमारे ०.०८ मिमी भरते. आवर्तने दुप्पट झाल्यास झीजही दुप्पट होते. म्हणजेच सांध्याचे आयुष्य केवळ वर्षांत न मोजता पावलांत व भारात मोजावे लागते.

क्ष-किरण चित्रात मात्र दोहोंची बेरीज दिसते. समजा, पहिल्या वर्षअखेर गोळा ०.२० मिमी व पाचव्या वर्षअखेर ०.५२ मिमी रुतला. चार वर्षांतील वाढ ०.३२ मिमी, म्हणून झिजेचा दर वर्षाला ०.०८ मिमी, उरलेले ०.१२ मिमी विसर्पण होय. पहिल्या वर्षाचाच आकडा झीज मानल्यास दर अडीचपट फुगतो.

मर्यादा :
सांध्यांच्या प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचण्या प्रामुख्याने सपाट जमिनीवरील चालण्यावर आधारित आहेत. उकिडवे बसणे, मांडी घालणे व डोक्यावर ओझे वाहणे यांचे प्रतिबिंब त्यांत पुरेसे पडत नाही. शिवाय घर्षणाची दिशा वारंवार बदलल्यास झीज वाढते. साधा नियम हे दर्शवीत नाही. प्रारणांनी रेणूसाखळ्या परस्परांशी जोडलेले पॉलिथिलीन कमी झिजते. ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्यापक वापरात आले.

निष्कर्ष :
स्थलांतरित रुग्णाची तपासणी हंगामामुळे चुकण्याचा संभव असतो. त्यामुळे पहिल्या वर्षाचे क्ष-किरण चित्र स्थलांतरापूर्वी वा परतल्यावर आवर्जून काढणे व त्यासोबत कामाचे स्वरूप नोंदविणे आवश्यक ठरते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था व अभियांत्रिकीचे अभ्यासक यांनी अशा नोंदी एकत्र अभ्यासल्यास येथील श्रमजीवनाशी सुसंगत प्रतिमान उभे राहू शकेल.