हातातलं कसब, गल्ल्यातला पैसा

15 मार्च 1959. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. हीच पुढची ‘लिज्जत’.

पापड तर घरोघरी लाटले जायचे. मग इथे वेगळं काय होतं? कामाची वाटणी! पीठ केंद्रावर मळायचं, ठरल्या मापाने. बायका ते घरी न्यायच्या, लाटून वाळवून परत आणायच्या. पापड तपासून, तोलून घेतले की मजुरी हातात. म्हणजे हात प्रत्येकीचा, चवीची जबाबदारी मात्र एका जागी. ‘मला छान जमतं’ यावर धंदा काढणारे बहुतेक जण नेमके इथेच अडखळतात: शंभरावा नगही पहिल्यासारखाच उतरला पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट उलटी. मुंबईत यांत्रिक ड्रॉइंग शिकवणारा हा माणूस. 1888 मध्ये भावासोबत बेळगावात सायकलचं दुकान, पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम, पण लोखंडाने जमीन नासेल, ही शेतकऱ्यांची धास्ती. सुरुवातीला नांगर खपेनात. कसब होतं, गिऱ्हाईक अजून घडायचं होतं. (तेवढा दम किती जणांच्या खिशात असतो?)

आज सुरुवातीच्या पैशासाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. खाद्यपदार्थ विकायचे असतील, तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, अगदी घरच्या ओट्यावरून विकले तरी.