आमच्या फियाटची किंमत काय हो?

आमच्या विठ्ठलवाडीच्या सोसायटीत पार्किंगवरून रोज भांडणं होतात. पण एका जागेवर कुणीच हक्क सांगत नाही. तिथे आजोबांची १९७५ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. घरात सगळे तिला अजून 'फियाट'च म्हणतात. स्टिअरिंगलाच गिअर, १०८९ सीसीचं इंजिन आणि दर रविवारी बाबांचा साग्रसंगीत पुसापुशीचा कार्यक्रम!

२६ जुलै २००५ला पाणी तिच्या सीटपर्यंत चढलं. दुरुस्तीचा सगळा खर्च बाबांच्या खिशातून गेला, कारण इन्शुरन्स होता फक्त थर्ड पार्टी. म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई, आपल्या गाडीला दमडी नाही. यंदा पावसाळ्याआधी मी ठरवलं, फुल इन्शुरन्स काढायचाच.

एजंटनं गाडीकडे न बघताच सांगून टाकलं, "वीस हजार धरू." बाबांचा चेहरा पडला.

तक्ता संपतो तिथे...
या आकड्याला म्हणतात आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली, तर कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम. त्यासाठी घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र तक्ताच संपतो! पुढची किंमत कंपनी आणि मालकानं आपसात ठरवायची. म्हणजे एजंटचा आकडा ही फक्त पहिली बोली.

ती कमी असेल तर? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस'. म्हणजे आमच्या फियाटचं बिल पंधरा हजारांवर गेलं की खेळ खल्लास. एवढं तर डेंटिंग-पेंटिंगलाच लागतं!

मग 'व्हिंटेज' म्हणूया?
मीही तेच विचारलं. पण २००२च्या मोटार टॅरिफमध्ये आधीच ठरवलेल्या रकमेची पॉलिसी होती ती ३१ डिसेंबर १९४०पूर्वीच्या, क्लबनं प्रमाणित केलेल्या गाड्यांसाठी. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' नंबर मिळतो खरा, पण मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशाच कामांसाठी बाहेर काढायची. भाजी आणायला नाही!

तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर
- चारही बाजू, इंजिन, चासी नंबर यांचे तारखेसकट फोटो काढा.
- दुरुस्तीची सगळी बिलं जपून ठेवा.
- परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकनाचा दाखला घ्या.
- आयडीव्ही वाढला की प्रीमियमही वाढतो, तो हिशेब आधी करा.
- ठरलेला आकडा पॉलिसीवर छापलाय ना, ते दर वर्षी बघा.

बाबांनी बिस्किटाच्या डब्यातून बिलांचा गठ्ठा काढला. फोटो, सर्व्हेअरचा दाखला आणि तासभर घासाघीस, शेवटी आकडा दीड लाखावर ठरला. सही करता करता बाबा मला हळूच म्हणाले, "ही किंमत इन्शुरन्सपुरती हां. एवढ्याला कुणी मागितली तर द्यायची नाही."