घडीचं सोलर पॅनल सांभाळताना

रानडुकरं आणि रोह्यांपासून पीक राखायला यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी रात्री जागलीला जातात. त्यासाठी दिवसा मोबाइल आणि बॅटरी चार्ज करायला घडीचं सोलर पॅनल सोयीचं. पण त्यातली सिलिकॉनची चकती ०.२ मिलिमीटरहूनही पातळ असते. दाबली की तडकते. तडा दिसत नाही, वीज मात्र घटते.

म्हणून घडी शिवणीवरच घाला. आधी वायर काढा, धूळ ओल्या मऊ फडक्यानं पुसा, पॅनल पूर्ण वाळू द्या. दुचाकीवर नेताना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा बांधा. वर फवारणी पंप किंवा खताचं पोतं ठेवू नका. घरी उंदरांपासून दूर, कोरड्या जागी उभं ठेवा. आणि पॅनलवर चार्ज केलेली पॉवर बँक मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत कधीही ठेवू नका.